आठ कारकुनांची डाळमिल

साऱ्या वऱ्हाडात दुसऱ्याची बोटं इतक्या मनापासून मोजणारा माणूस आमच्या विमेवाल्यांशिवाय दुसरा झाला नाही, आणि होईल असंही मला वाटत नाही. लोक भेटले की हात जोडतात, हात मिळवतात, फार झालं तर पाठीवर थाप मारतात. हे गृहस्थ समोरच्याचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, उलटासुलटा करायचे आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट हलकेच चिमटीत धरून मोजायचे. मग दुसरा हात. दहा भरली की चेहरा असा खुलायचा, जणू ती त्यांनीच बसवून दिली होती. "दाहीच्या दाही! शाबास. अशीच ठेवा बाप्पा." अकोल्याच्या एका बँकेत नव्याने बदलून आलेल्या मॅनेजरबाईंचा हात त्यांनी असाच धरला, तेव्हा बाईंनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. शिपाई धावत आला. विमेवाल्यांनी त्याचीही मोजली.

ते राहायचे अमरावतीला आणि विकायचे कामगारांच्या नुकसानभरपाईचा विमा. आयुष्याचा विमा विकणारे आमच्याकडे गल्लोगल्ली होते, कुणाचा साडू तर कुणाचा मेहुणा. ह्यांचा माल वेगळा. हप्ता भरायचा मालकाने आणि भरपाई मिळायची कामगाराला, म्हणजे ज्याने पैसे द्यायचे त्याला काहीच मिळायचं नाही. असा माल विकायला माणूस एकतर फार हुशार लागतो किंवा फार भोळा. विमेवाले दोन्ही होते, आलटूनपालटून. सकाळच्या गाडीने निघून धामणगावच्या जिनिंगवाल्यांपासून अकोल्याच्या आम्हा डाळमिलवाल्यांपर्यंत सगळ्यांचे उंबरे ते झिजवायचे. शेतीचं कंबरडं मोडलं होतं ती ही वर्षं. कापसाला भाव नाही, तुरीला पाणी नाही, आठवड्यातून तीन दिवस मिल चालली तर आम्ही देवापुढे साखर ठेवायचो. अशा दिवसांत हा माणूस दारात उभा राहून विचारायचा, "मंग, पट्ट्यात कोनाचा हात गेला तं काय करान?"

विक्रीची त्यांची पद्धतच उरफाटी होती. इतर एजंट आधी मुलाबाळांची चौकशी करतात. हे आत येताच मान वर करून पंखा बघायचे आणि त्याच्या खालची खुर्ची ओढून भिंतीशी न्यायचे. मग अत्यंत प्रेमळ चेहऱ्याने अपघाताचं वर्णन सुरू करायचे. पट्टा कसा सुटतो, बाही कशी अडकते, माणूस कसा ओरडतो, हे ते इतकं साग्रसंगीत सांगायचे की मूर्तिजापूरच्या एका तेलघाणीवाल्याने पुढ्यातला डबा न उघडता घरी पाठवला आणि बायकोचा मार खायची वेळ ओढवून घेतली. शेवटी यायचा कायदा. "विमा घेतला नाही म्हनून कायदा थांबत नाई जी. मानूस कामावर जखमी झाला का मालकानं भरपाई द्याचीच. प्रश्न एवढाच, का खिसा कोनाचा? तुमचा, का कंपनीचा?" आम्ही म्हणायचो, आमच्याकडे कधी कुणाला काही झालेलं नाही. त्यावर ते खरोखर आनंदित व्हायचे. "वा! म्हंजे पाळी यायचीच हाय अजून."

कोणत्या धंद्याला किती धोका आणि त्यावर किती हप्ता याचं कोष्टक त्यांना तोंडपाठ होतं, आणि पुढेपुढे साऱ्या जगाकडे ते त्या कोष्टकातूनच बघायला लागले. बोअरवेल खोदणारा सगळ्यात महाग, छापखानेवाला मधला, कारकून सगळ्यात स्वस्त. मुलीसाठी बोअरवेलच्या दोन गाड्या असलेलं स्थळ आलं तर "पोरगा चांगला हाय, पन दर फार जास्त" म्हणून त्यांनी नाही म्हटलं आणि तहसील कचेरीतल्या एका कारकुनाला मुलगी दिली. लग्नात व्याह्यांना म्हणाले, "तुमचा मुलगा आमाले परवडला." व्याही तीन वर्षं रुसून होते.

धामणगावच्या एका लग्नात मी स्वतः हजर होतो. आचाऱ्याचा माणूस उकळत्या कढईपाशी अनवाणी उभा राहून जिलेब्या सोडत होता. विमेवाले पंगतीतून उठले. "काहून रे, जोडा नाई का तुले?" "आहे ना जी, घरी आहे." झालं. त्यांनी आपले बूट काढून त्याच्या पायात घातले, नाडीसुद्धा स्वतः बांधली आणि अनवाणी येऊन पुन्हा पानावर बसले. जेवण झालं, मंडळी पांगली, पण त्यांना बूट काही मागवेनात, कारण कढई अजून चालू होती. शेवटी अमरावतीपर्यंतचा प्रवास त्यांनी अनवाणी केला. पुढच्या आठवड्यात त्या माणसाचा मालक आचारी बूट परत द्यायला गेला, तेव्हा विमेवाल्यांनी ते घेतले नाहीतच, उलट त्याला एक पॉलिसी विकली.

गुरुकुंज मोझरीला आश्रमाच्या एका उत्सवात तर मांडवाच्या बांबूंचे जोड बघायला ते शिडीवर चढले. खालच्या स्वयंसेवकांना वाटलं, हा मांडवाच्या ठेकेदाराचा माणूस. त्यांनी खालून सुंभाचं भेंडोळं फेकलं. विमेवाल्यांनी ते झेललं, आणि भजन संपेपर्यंत दोन तास ते वर बसून जोड आवळत होते. उतरल्यावर कुणीतरी त्यांच्या हातावर मजुरी ठेवली. ती घेण्याआधी त्यांनी विचारलं, "पन मी पडलो असतो तं? तुमच्यापाशी विमा हाय का?"

घरीही सुटका नव्हती. वहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, हात एकदा कुकरच्या वाफेने भाजला, तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज भरला. कामगार, स्वयंपाकी. मालक, स्वतः. कंपनीने अर्ज परत पाठवला आणि विचारलं, मालक-नोकर हे नातं कसं सिद्ध करणार? तो कागद वहिनींनी वाचला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मालक कोन ते मी सांगतो त्याइले. पाठवा इकडे साहेबाले." त्यानंतर तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

इतकं सगळं मी हसत सांगू शकतो. पुढचं सांगायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि आता मी ऐंशीच्या घरात आहे, तेव्हा आणखी वाट बघण्यात अर्थ नाही.

माझ्या मिलमध्ये आठ माणसं होती. बरीचशी आसपासच्या खेड्यांतली, कोरडवाहूत भागेना म्हणून शहरात आलेली. नांगर धरलेल्या हातांना पट्टे आणि रोलर नवे होते. विमेवाले दर महिन्याला येऊन त्यांची बोटं मोजून जायचे आणि माझ्यापुढे कोष्टक उघडायचे. यंत्रावरच्या आठ कामगारांचा हप्ता ऐकून मी चहा थंड होऊ द्यायचो. अशातच आमच्या मिलवाल्यांच्या बैठकीत एकाने कानमंत्र दिला, की कामगार म्हणून दाखवूच नका, कारकून दाखवा. कारकुनाचा हप्ता अगदीच किरकोळ. मला ती युक्ती इतकी आवडली की मी दुसऱ्याच दिवशी विमेवाल्यांना निरोप धाडला.

त्यांनी फॉर्म काढला, पेन उघडलं. मी सांगितलं, "लिहा. कारकून, आठ."

त्यांनी पेन बंद केलं. "नानासाहेब, मिल डाळीची हाय ना?"

"हो."

"मंग आठ कारकून काय करून राहिले इथं? दाने मोजतात का?"

मी म्हटलं, तुम्हाला काय करायचं आहे, हप्ता मी भरतो. ते म्हणाले, फॉर्मवर आजवर त्यांनी एक शब्द खोटा लिहिला नाही, दुसरं काहीही मागा. तीन दिवस आमची ही रस्सीखेच चालली. चौथ्या दिवशी मी हुकमाचं पान टाकलं. मी तेव्हा मिलवाल्यांच्या संघटनेचा सचिव होतो. म्हणालो, "नसेल जमत तर दुसरा एजंट बघतो. आणि मी गेलो की सगळ्या मिलवाल्यांचं काम जाईल, हे समजून चला." त्यांची धाकटी मुलगी अजून लग्नाची होती, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तसं बोललो.

त्यांनी पेन पुन्हा उघडलं आणि फॉर्म भरला. सुवाच्य अक्षरात, मी सांगितला तसा. मी सही केली. मग ते म्हणाले, "मी तुमच्या सांगन्यावरून लिवलं. आता हे खरं करा."

"म्हणजे?"

"हे आठ जन कारकून हायत ना? मंग यायनं लिवलं पाहिजे."

मला वाटलं, थट्टा चालली आहे. सोमवारी विमेवाले अमरावतीहून आठ वह्या आणि आठ पेनं घेऊन आले. स्वखर्चाने. सकाळी मिल सुरू व्हायच्या आधी अर्धा तास माझी आठही माणसं पोत्यांवर ओळीने बसवली आणि लिहायला लावली. काय लिहायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "काईबी लिवा. पन लिवा." एकाने आपल्या साऱ्या भावकीची नावं लिहिली, त्यात ज्याच्याशी बांधावरून भांडण होतं त्याचं नाव लिहून खोडलं. एकाला अक्षर येत नव्हतं, त्याने रोज एक बैल काढला, आणि महिनाभरात बैल इतका सुधारला की माझा मुनीम तो बघायला लवकर यायचा. बाळापूरकडचा रशीद उर्दू शिकलेला होता. त्याने वही शेवटच्या पानापासून उघडली आणि उजवीकडून सुरुवात केली. विमेवाल्यांनी त्याच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि विचारलं, "काय लिवून राहिला रे?"

रशीद म्हणाला, "साहब, एकच लिवून राहिलो. डाळ कोन भरडीन? डाळ कोन भरडीन? डाळ कोन भरडीन?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त विमेवाले हसले. मग त्यांनी रशीदचा हात धरला, बोटं मोजली आणि हळूच म्हणाले, "कारकून हायेस ना तू? मंग पट्ट्याले हात लावू नको बाप्पा." रशीद म्हणाला, "नाई लावत जी. तुमी मालकाले सांगा, थे लावतीन." तेव्हाही मी हसलोच. त्यांचं लिहिणं आटोपलं की मी भोंगा वाजवायचो, आठही कारकून वह्या मिटून यंत्रावर जायचे आणि संध्याकाळपर्यंत डाळ भरडायचे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात रशीदचा हात पट्ट्यात गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. सरकलेला पट्टा तो चालू यंत्रावर बसवत होता, आणि यंत्र बंद करू नको असं मीच सांगून ठेवलं होतं. त्या दिवसापुरतं सगळ्यांचं हसणं थांबलं.

विमेवाले मिळेल त्या गाडीने आले आणि थेट दवाखान्यात गेले. रशीदच्या बँडेज नसलेल्या हाताला धरून बसले. काहीच मोजलं नाही त्यांनी. मी आत गेलो, तेव्हा रशीद मला विचारत होता, "मालक, कारकुनाले भरपाई भेटते का?" फॉर्मच खोटा होता. कंपनी हात वर करणार, आणि माझ्या खिशातून द्यायचं तर मिल विकावी लागणार, असा हिशेब मी त्या कॉटशेजारी उभा राहून करत होतो.

दहा-बारा दिवसांनी कंपनीचे साहेब चौकशीला आले. तरुण गृहस्थ, नाकावर रुमाल, कारण डाळीच्या भुश्श्याने त्यांना शिंका यायच्या. माझ्या ऑफिसात ते, मी, विमेवाले आणि दाराशी गळ्यात हात अडकवलेला रशीद. साहेबांनी फॉर्म उघडला.

"हे कारकून?"

"हो," मी म्हणालो.

"कारकुनाचा हात पट्ट्यात कसा गेला?" ते शिंकले. "तिथे काय लिहीत होता का?"

त्यांनी फॉर्म उजेडाकडे धरला. "हे अक्षर कोणाचं आहे?"

आणि मी विमेवाल्यांकडे बोट दाखवून म्हणालो, "भाऊंचं. फॉर्म भाऊंनी भरला. मी कामगार म्हणूनच सांगितलं होतं. मी फक्त सही केली." अगदी सहज निघालं तोंडातून. इतकं सहज, की मला स्वतःलाच ते क्षणभर खरं वाटलं.

विमेवाल्यांनी मान वर केली. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराशी उभ्या रशीदकडे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही, पुढे कळलं. मालकाने खोटं सांगितलं असेल तर कंपनी एक पैसा देणार नव्हती. मालकाने खरं सांगितलं आणि कंपनीच्याच एजंटाने चुकीचं लिहिलं असेल, तर कंपनीला द्यावं लागणार होतं. रशीदची भरपाई त्या एका वाक्यावर अडकली होती.

"हो साहेब," विमेवाले म्हणाले. "नानासाहेबानं कामगारच सांगतले होते. मी कारकून लिवलं. नजरचूक."

"आठ वेळा नजरचूक?"

"मले सवय हाय तशी."

साहेब पुन्हा शिंकले. विमेवाल्यांनी खिशातून आपला रुमाल काढून त्यांना दिला आणि म्हणाले, "हा भुसा वाईट साहेब. तुमचा विमा हाय ना?"

कंपनीने माझ्याकडून फरकाचा हप्ता भरून घेतला आणि रशीदला पूर्ण भरपाई दिली. त्यातून त्याने गावी दोन म्हशी घेतल्या आणि पुन्हा मिलचं तोंड बघितलं नाही. विमेवाल्यांची एजन्सी महिनाभरात गेली. रशीदला सगळं माहीत होतं, पण तो बोलला असता तर म्हशी गेल्या असत्या. मी बोललो असतो तर माझी मिल गेली असती. न बोलण्याचं माझं कारण रशीदच्या कारणापेक्षा फारच हलकं होतं. त्यावरही कडी म्हणजे संघटनेच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी विषय काढला, की विमेवाल्यांनी म्हणे फॉर्म चुकवला, आणि सचिव म्हणून मी उभा राहून म्हणालो, "वय झालं त्यांचं. माणूस चांगला आहे, पण आता लक्ष राहत नाही." माणसं हळहळली. धामणगावपर्यंत ती गोष्ट गेली. ज्याने आयुष्यात एक अक्षर चुकवलं नाही, तो फॉर्म चुकवणारा म्हणून ओळखला जाऊ लागला.

एजन्सी गेल्यावर त्यांनी यायचं थांबवावं की नाही? छे. पूर्वीसारखेच यायचे, फक्त आता विकायला काहीच नव्हतं. एका मिलमधून दुसऱ्या मिलमध्ये हिंडून माणसांची बोटं मोजायचे, सैल पट्टा दिसला की मालकाला झापायचे, आणि पॉलिसी घ्यायची असेल तर दुसऱ्या एजंटाचा पत्ता द्यायचे. माझ्याकडेही यायचे. पंखा टाळून भिंतीशी बसून चहा प्यायचे. मी वाट बघायचो, की आज तरी ते एखादा शब्द बोलतील, एखादा टोमणा मारतील, म्हणजे मला माफी मागायला जागा होईल. त्यांनी तेवढी एक सोय माझी कधी केली नाही. "बरं हाय ना नानासाहेब?" म्हणायचे आणि आत माणसांकडे जायचे.

दोन महिन्यांपूर्वी ते गेले. शांतपणे, झोपेत, जे त्यांच्या कोष्टकात बसणारं नव्हतं. मी अमरावतीला भेटायला गेलो. मंडळी उठून गेल्यावर मी वहिनींना म्हणालो, की मला काही सांगायचं आहे, आणि सगळं सांगितलं. फॉर्मचं, सहीचं, बैठकीचं.

मग म्हणाल्या, "मले त्याच दिवशी सांगतलं होतं यायनं. घरी आले, हातपाय धुतले अन् म्हने, आज मी जन्मात पयल्यांदा खोटं बोललो. मी म्हटलं, आता हा मानूस जेवत नाई आठ दिवस. तं भाऊजी, दोनदा भात मांगून घेतला. म्हने, खोटं बोललं का भूक लई लागते, मले मालूमच नव्हतं."

त्या हसल्या. मीही हसलो.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "माझ्यापाशी बोलले, बरं केलं," त्या म्हणाल्या. "पन मले तं मालूम होतं भाऊजी. ज्याइले मालूम नाई त्याइले कधी सांगान?"

संघटनेच्या त्या बैठकीत होते त्यांच्यापैकी आता तिघंच उरले आहेत. एकाला ऐकू येत नाही, एक मुलाकडे पुण्याला असतो, तिसरा अंथरुणातून उठत नाही. म्हणून हे लिहून काढलं, आणि तिघांनाही पाठवतो आहे. विमेवाल्यांनी फॉर्म चुकवला नव्हता. मी सांगितला तसा, माझ्या धाकाने भरला होता. त्यांचं लक्ष शेवटपर्यंत शाबूत होतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या घरी मी उद्या स्वतः जाणार आहे. त्याच्या कानाशी ओरडून सांगावं लागेल, शेजारीपाजारीही ऐकतील. ऐकू देत.